सेंटिनेल नोड शोधणारा हात कोण तपासणार?

प्रति,
अध्यक्ष, राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, नवी दिल्ली
कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक
सचिव, वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय: स्तनाच्या कर्करोगातील सेंटिनेल नोड बायोप्सीचे प्रशिक्षण आणि तिच्या निकालांची नोंद

महोदय / महोदया,



स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन होऊन वर्ष उलटलेली बाई आमच्या ओपीडीत येते, तेव्हा छातीवरच्या व्रणाबद्दल ती क्वचितच बोलते. ती हात पुढे करते. बांगडी चढत नाही, ब्लाउजची बाही उसवून घ्यावी लागली, खुरपणीला गेलं की दुपारपर्यंत हात भरून येतो. एखादा काटा रुतला तरी हात लाल होऊन ताप भरतो. काखेतल्या सगळ्या लसिका ग्रंथी काढल्यावर हातातला लसिकेचा निचरा अडतो आणि त्यातून हे सारे होते. हाताच्या कष्टावर पोट असलेल्या बाईला ही सूज कर्करोगाइतकीच महाग पडते. मी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात सर्जरी शिकवते आणि हे हात रोज पाहते. यांतल्या अनेक बायकांच्या काखेतल्या एकाही ग्रंथीत कर्करोग नव्हता, हे त्यांच्याच पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये लिहिलेले असते.

यावरचा उपाय जगाला तीस वर्षांपासून माहीत आहे. स्तनातून निघणारी लसिका काखेतल्या ज्या एक-दोन ग्रंथींमध्ये सर्वांत आधी पोहोचते, त्या सेंटिनेल नोड. कर्करोगाच्या पेशी काखेत शिरल्या असतील तर बहुधा तिथेच आधी सापडतात. म्हणून स्तनात निळे रंगद्रव्य किंवा किरणोत्सारी टेक्नेशियम टोचायचे, त्याच्या मागावर जाऊन तेवढ्याच ग्रंथी काढायच्या आणि त्या स्वच्छ असतील तर बाकीच्या काखेला हात लावायचा नाही. ब्रिटनमधल्या ‘अलमनॅक’ या चाचणीत ऑपरेशननंतर एका वर्षाने हाताची सूज सेंटिनेल गटात 5 टक्के आणि नेहमीच्या पद्धतीत 13 टक्के स्त्रियांना जाणवत होती. काखेत-दंडात बधिरपणा 11 टक्क्यांना विरुद्ध 31 टक्क्यांना. अमेरिकेतल्या बी-32 चाचणीत 5,611 स्त्रिया होत्या. सेंटिनेल नोड स्वच्छ निघालेल्यांची काख पूर्ण साफ केली काय किंवा नाही केली काय, त्यांच्या आयुर्मानात फरक पडला नाही. तेव्हा ही पद्धत योग्य की अयोग्य, हा वाद आता उरलेला नाही.

उरलेला प्रश्न आहे तो हे ऑपरेशन शिकायचे कसे, आणि शिकलो हे ठरवायचे कोणी. तो या पत्राचा विषय आहे.

या ऑपरेशनची एक अडचण इतर ऑपरेशनांत नाही. हर्निया नीट शिवला नाही तर तो परत येतो. पित्ताशय काढताना नळीला इजा झाली तर बहुधा काही दिवसांतच ती दिसते. चूक स्वतः येऊन सर्जनला सापडते आणि सर्जन तिच्यापासून शिकतो. सेंटिनेल नोडमध्ये दोन प्रकारचे अपयश आहे. एक, नोड सापडतच नाही. ते टेबलावरच कळते आणि सर्जन मुकाट्याने काख साफ करतो. दुसरे, भलतीच ग्रंथी काढली जाते, ती स्वच्छ निघते, आणि ज्या ग्रंथीत कर्करोग आहे ती आत राहते. हे अपयश त्या दिवशी कोणालाच दिसत नाही. रुग्ण आनंदात घरी जाते, सर्जन समाधानाने पुढची केस घेतो. कधी काही वर्षांनी काखेत गाठ येते, कधी येतही नाही, कारण केमोथेरपी, रेडिएशन आणि गोळ्या त्या राहिलेल्या रोगाला दाबतात. पण त्या बाईच्या रोगाची पायरी चुकीची ठरलेली असते आणि उपचार त्या चुकीच्या पायरीवर बेतलेले असतात. एखादा सर्जन वर्षानुवर्षे हे ऑपरेशन चुकीचे करत राहील आणि प्रामाणिकपणे समजेल की आपला हात बसला आहे.

हात बसायला वेळ लागतो आणि हातागणिक निकाल बदलतो, हे सुरुवातीपासून दिसत आले आहे. कॅलिफोर्नियात आर्मांडो जिउलियानो आणि डोनाल्ड मॉर्टन यांनी निळ्या रंगाने स्तनासाठी ही पद्धत बसवली आणि 1994 मध्ये प्रसिद्ध केली. 174 ऑपरेशनांत नोड सापडला 114 वेळा, म्हणजे दोन-तृतीयांशाहून थोडा कमी. पद्धत जन्माला घालणाऱ्या हातांची ही सुरुवात होती. पुढे 1998 मध्ये डेव्हिड क्रॅग यांनी किरणोत्सार मोजणारा गामा प्रोब वापरून 11 सर्जनांचा, 443 रुग्णांचा अभ्यास छापला. एकूण 93 टक्के रुग्णांत नोड सापडला. काखेत रोग असूनही सेंटिनेल नोड स्वच्छ निघाला, असे प्रमाण सरासरी 11.4 टक्के होते. माझ्या दृष्टीने महत्त्वाची ती सरासरी नाही. सर्जनागणिक हे प्रमाण शून्यापासून 28.6 टक्क्यांपर्यंत पसरलेले होते. तेच यंत्र, तोच प्रोटोकॉल, तीच पदवी. एकाच्या हातून काहीच सुटत नव्हते आणि दुसऱ्याच्या हातून चारपैकी एकीहून अधिकींचा रोग सुटत होता. या अभ्यासात प्रत्येकीची काख नंतर पूर्ण साफ केली होती, म्हणून तरी हे कळले.

फ्लोरिडातल्या मॉफिट कॅन्सर सेंटरच्या चार्ल्स कॉक्स यांनी सर्जनांच्या शिकण्याचा आलेख मांडला. नोड सापडण्याचे प्रमाण 90 टक्क्यांवर यायला सरासरी 23 केस लागल्या, 95 टक्क्यांवर यायला 53. त्यांच्याच पुढच्या कामात दिसले की महिन्याला 3 पेक्षा कमी केस करणाऱ्यांचे यश साधारण 86 टक्क्यांवर अडकते आणि 6 पेक्षा जास्त करणाऱ्यांचे 98 टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे एकदा शिकून भागत नाही, हात चालूही राहावा लागतो. अमेरिकन सोसायटी ऑफ ब्रेस्ट सर्जन्सने 2000 साली 20 केसची अट सुचवली: एक तर प्रत्येक केसमध्ये नंतर काख साफ करून पडताळा घ्यायचा, नाही तर जाणत्या सर्जनच्या देखरेखीखाली करायची; आणि रोग सुटण्याचे प्रमाण 5 टक्क्यांच्या आत हवे. ‘अलमनॅक’मध्ये भाग घ्यायचा तर सर्जनला आधी 40 केस पडताळ्यासह करून दाखवाव्या लागत.

या आकड्यांवर मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी एक गणित घालते, तेच आपल्यापुढेही मांडते. रोग सुटण्याचे प्रमाण सगळ्या केसवर काढत नाहीत. ज्यांच्या काखेत खरोखर रोग आहे, त्यांच्यावरच काढतात. 40 केसपैकी समजा 12 जणींच्या काखेत रोग निघाला. त्यात एक सुटला तर प्रमाण झाले 8 टक्क्यांच्या वर, सर्जन नापास. एकही सुटला नाही तर प्रमाण शून्य, सर्जन पास. पण 12 पैकी 12 बरोबर आल्यावरही त्याचे खरे प्रमाण 20 टक्क्यांच्या वरही असू शकते, इतका हा नमुना लहान आहे. एकट्या सर्जनच्या वीस-चाळीस केसवरून तो कुशल आहे हे सिद्ध होत नाही. म्हणून आकडा पूर्ण केला की प्रमाणपत्र, एवढ्यावर थांबणारी योजना मी मागत नाही. आधी पद्धत नीट शिकवायची, मग सगळ्यांचे निकाल एकत्र करून वर्षानुवर्षे पाहत राहायचे, असे दोन्ही हवे.

ब्रिटनने नेमके हे केले. ‘न्यू स्टार्ट’ या नावाने 2004 पासून रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स आणि कार्डिफ विद्यापीठ यांनी देशव्यापी प्रशिक्षण चालवले. एकटा सर्जन शिकायला येत नसे. रुग्णालयाची टीम येई: सर्जन, न्यूक्लिअर मेडिसिनचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट, थिएटरच्या नर्स. एक दिवस सिद्धान्त, नंतर त्यांच्याच रुग्णालयात, त्यांच्याच टेबलावर प्रशिक्षक उभा राहून पहिल्या केस करून घेई, आणि मग ठरलेल्या संख्येच्या केस पडताळ्यासह. दोनशेहून अधिक सर्जन, शंभरावर केंद्रे, साडेसहा हजारांवर ऑपरेशने. नोड सापडण्याचे प्रमाण जवळजवळ 99 टक्के. आणि शिकण्याचा तो चढ, ज्याची सुरुवातीच्या काळात बायकांनी किंमत मोजली, तो त्यांच्या आकड्यांत दिसलाच नाही. पहिल्या केसपासून सर्जन नीट काम करत होते, कारण पहिल्या केसला ते एकटे नव्हते.

आपल्याकडे हे ऑपरेशन बहुतेक ठिकाणी कसे पोहोचते, हे आपणांस माहीत आहे. परिषद असते, थिएटरमधून थेट प्रक्षेपण असते, दोनशे जण सभागृहात बसून पडद्यावर निळी वाहिनी पाहतात, चहा होतो, प्रमाणपत्र मिळते. त्या पाहण्यालाही किंमत आहे. मी स्वतः त्यातून शिकले आहे. पण पडद्यावर बोटांना काही लागत नाही. काख उघडल्यावर रंगाने भरलेली वाहिनी चरबीत कुठे वळते, ती कापली गेली तर सगळे क्षेत्र निळे होऊन वाट कशी हरवते, टोचल्यावर किती वेळ चोळायचे, किती वेळ थांबायचे, लठ्ठ आणि वयस्क रुग्णात रंग का पुढे सरकत नाही, हे शेजारी उभे राहून कोणी हात धरल्याशिवाय येत नाही. रंग नसलेली पण बोटांना टणक लागणारी ग्रंथीही सेंटिनेलच समजून काढायची असते, कारण रोगाने पूर्ण भरलेल्या ग्रंथीत रंग शिरतच नाही. नवशिका सर्जन निळी ग्रंथी मिळाली की खूश होऊन थांबतो. बोट घालून काख चाचपायला त्याला कोणीतरी सांगावे लागते. प्रोब असेल तर सर्वाधिक मोजणी देणाऱ्या ग्रंथीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त मोजणी देणाऱ्या सगळ्या ग्रंथी काढायच्या, हा नियम पाठ असतो. प्रोबचे तोंड स्तनातल्या टोचलेल्या जागेकडे वळले तर आकडा फसवतो, हे पाठांतरातून कळत नाही.

गेल्या काही वर्षांत दुसरीकडे ऑपरेशन होऊन आलेल्या रुग्णांच्या फायली मी पाहते. एका फाइलमध्ये डिस्चार्ज कार्डावर ठळक अक्षरांत लिहिले होते: सेंटिनेल नोड निगेटिव्ह. त्याच फाइलमधल्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये लिहिले होते: चरबीचा तुकडा, लसिका ग्रंथी आढळली नाही. या दोन कागदांत कोणी मेळ घातला नव्हता. ते रुग्णालय कोणते, हे मी इथे सांगणार नाही. त्या सर्जनने जे शिकवले गेले तेवढे केले होते. त्याला पहिल्या केसला कोणी सोबत दिली नव्हती आणि त्याच्या निकालाकडे पाहणारे कोणी नव्हते. त्या बाईला मात्र आपल्या काखेत रोग आहे की नाही, हे कोणीच खात्रीने सांगू शकत नव्हते.

आता मी ज्या अडचणीवर सर्वांत जास्त विचार केला आहे, ती सांगते. 1990 च्या दशकात शिकणाऱ्या सर्जनला पडताळ्यासाठी काख साफ करणे सोपे होते, कारण तेव्हा ती प्रत्येकीची होतच असे. आज तसे नाही. सेंटिनेल नोड स्वच्छ निघालेल्या बाईची काख निव्वळ आपल्या शिक्षणासाठी साफ करणे म्हणजे तिला गरज नसताना तो सुजलेला हात देणे. मी हे माझ्या रेसिडेंटला करू देणार नाही, आणि कोणी करू नये असे मला ठामपणे वाटते. मग पडताळा कसा घ्यायचा?

याचे एक उत्तर आपल्या परळच्या टाटा मेमोरियलनेच दिले आहे. तिथल्या सर्जनांनी काखेच्या तळातली, इंटरकोस्टोब्रेकियल नसेखालची चरबी आणि तिच्यातल्या ग्रंथी एकगठ्ठा काढण्याची पद्धत सेंटिनेल नोडशी ताडून पाहिली आणि 2013 मध्ये निष्कर्ष छापले. रोग सुटण्याचे प्रमाण सेंटिनेलमध्ये 12.7 टक्के आणि या ‘लो ॲक्झिलरी सॅम्पलिंग’मध्ये 10.5 टक्के. त्यासाठी प्रोब लागत नाही, किरणोत्सारी औषध लागत नाही, आणि काखेचा वरचा भाग शाबूत राहतो. माझी सूचना अशी: शिकणाऱ्या सर्जनने आधी निळी ग्रंथी शोधून वेगळ्या डबीत पाठवावी, मग तळातले हे सॅम्पलिंग करून ते दुसऱ्या डबीत पाठवावे. दोन डब्यांचे रिपोर्ट शेजारी ठेवले की हात बसतो आहे की नाही ते कळते. शिकवणाऱ्याला पडताळा मिळतो, आणि त्याची किंमत रुग्णाला पूर्ण काख देऊन मोजावी लागत नाही.

साधनांबद्दल थोडक्यात. टेक्नेशियमचे अर्धायुष्य सहा तासांचे. जिथे न्यूक्लिअर मेडिसिन विभाग नाही, तिथे ते रोज मिळणार नाही, आणि बहुतेक जिल्ह्यांत तो विभाग नाही. मिथिलीन ब्लू मात्र कुठेही स्वस्तात मिळते. ते कातडीत वरवर टोचले तर कातडी सडू शकते, आणि टोचल्यावर पल्स ऑक्सिमीटरचा आकडा खोटाच खाली येतो. भूलतज्ज्ञाला आधी सांगितले नसेल तर ऑपरेशन ऐन मध्यावर थांबते. दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी-निळी होते, हे नर्सने रुग्णाला सांगून ठेवावे लागते. म्हणून टीमला शिकवा म्हणते. दिल्लीच्या एम्समध्ये फ्लोरेसिन आणि निळ्या एलईडीच्या प्रकाशावर काम झाले आहे. महागड्या कॅमेऱ्याशिवाय दुसरा माग मिळवण्याचा तो रास्त मार्ग आहे आणि तो जिल्ह्यापर्यंत आणण्यासारखा आहे.

यावर आपले अधिकारी म्हणतील की जगात आता सेंटिनेल बायोप्सीही कमी होते आहे. खरे आहे. मिलानमधून निघालेल्या ‘साउंड’ चाचणीने 2023 मध्ये दाखवले की गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत आणि काखेची सोनोग्राफी स्वच्छ असेल, तर काखेला हात न लावताही चालते. पण याच कारणाने मी घाई करते आहे. जिच्यावर नवशिका शिकू शकला असता, अशी सोपी केस सेंटिनेल बायोप्सीच्या यादीतून बाहेर पडते आहे. उरते आहे ती अवघड: मोठी गाठ, आधी केमोथेरपी, मग ऑपरेशन. आपल्याकडे बायका उशिरा येतात म्हणून अशा केस आपल्याकडे जास्त. केमोथेरपीनंतर वाहिन्या आखडतात, रंग भलतीकडे जातो. अमेरिकेतल्या झेड-1071 चाचणीत काखेत आधी रोग असलेल्या स्त्रियांमध्ये केमोथेरपीनंतर रोग सुटण्याचे प्रमाण 12.6 टक्के निघाले, ठरवलेल्या 10 टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा जास्त; रंग आणि किरणोत्सारी औषध दोन्ही वापरले आणि जास्त ग्रंथी काढल्या तेव्हा ते उतरले. ज्याने सोपी केस कोणाच्या देखरेखीखाली केली नाही, त्याच्या हातात आपण ही केस देत आहोत.

भारतात 2022 या एका वर्षात अंदाजे 1 लाख 92 हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला. त्यांतल्या सगळ्या मुंबईला किंवा नागपूरला जाऊ शकत नाहीत, आणि जाऊ नयेत. म्हणून सर्जनने केंद्रात जाऊन पाहण्याऐवजी केंद्रातला प्रशिक्षक जिल्ह्यात यावा, असे मी मागते आहे. कर्करोग केंद्रांचे नॅशनल कॅन्सर ग्रिड 2012 पासून उभे आहे; त्यातल्या कुशल सर्जनांची यादी करा आणि त्यांना महिन्यातून ठरलेले दिवस शासकीय महाविद्यालयांच्या थिएटरमध्ये पाठवा. प्रवासखर्च आणि मानधन याखेरीज यात मोठा खर्च नाही. प्रत्येक जिल्ह्यात चार सर्जनांनी थोड्या-थोड्या केस वाटून घेण्याऐवजी एक-दोघांकडेच त्या येऊ द्या, म्हणजे त्यांचा हात चालू राहील. हे आमच्या मंडळींना रुचणार नाही, तरी ते आवश्यक आहे.

आयोगाने रेसिडेंटच्या लॉगबुकात या ऑपरेशनसाठी आज लिहितात त्याहून दोन रकाने जास्त ठेवावेत: किती नोड निघाले, आणि पॅथॉलॉजी रिपोर्ट काय आला. आज केस पाहिली, मदत केली की स्वतः केली, एवढ्यावर सही होते. रिपोर्ट येण्याआधीच पान उलटलेले असते. विद्यापीठाने एम.एस.च्या प्रात्यक्षिक परीक्षेत हे रकाने परीक्षकाला वाचायला लावावेत. आणि राज्य शासनाकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून स्तनाच्या कर्करोगाच्या क्लेमबरोबर कागद जातातच. त्यातला पॅथॉलॉजी रिपोर्ट नुसता जोडून न ठेवता त्यातली ग्रंथींची संख्या एका राज्यस्तरीय नोंदवहीत उतरवली जावी. सर्जनाला दर वर्षी त्याचे स्वतःचे आकडे बंद पाकिटात कळवावेत, बाकीच्यांच्या सरासरीसह. शिक्षा करण्यासाठी ते आकडे वापरू नका. तसे केले तर सर्जन अवघड रुग्ण टाळतील आणि नोंदी खोट्या होतील. ज्याचे प्रमाण घसरते आहे, त्याच्याकडे पुढच्या महिन्यात प्रशिक्षक पाठवा, एवढेच.

पॅथॉलॉजिस्टलाही याच कार्यक्रमात घ्यावे लागेल. ग्रंथी दोन मिलिमीटरच्या कापांत पाहिली नाही तर सर्जनचे सगळे कसब वाया जाते. फ्रोझन सेक्शनची सोय नसेल तिथे छाप घेऊन सायटोलॉजी करता येते. ती येणारे लोक आपल्याच महाविद्यालयांत आहेत.

एका महाविद्यालयापासून सुरुवात करायची असेल तर आमच्या विभागाचे थिएटर, आमचे रेसिडेंट आणि आमच्या आजवरच्या नोंदी मी आपल्यापुढे ठेवायला तयार आहे. त्या नोंदी कोणीही तपासाव्यात. या पत्राचे उत्तर आपण पत्राने देऊ नका. येत्या शैक्षणिक वर्षाच्या आत प्रशिक्षकांची पहिली यादी आणि लॉगबुकाचा सुधारित नमुना महाविद्यालयांना पाठवा.

आपली विश्वासू,
शल्यचिकित्सा विभागातील एक शिक्षिका